एकाच पथारीवर वर्षभर

होळी जवळ आली की अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावाकडे कॅमेऱ्यांची रीघ लागते. राजवाडी होळीतले मोरपिसांचे उंच टोप, अंगावरची पांढरी नक्षी, कमरेला बांधलेले भोपळे आणि घुंगरू, मागे पेटलेला जाळ. हा फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत येतो, समाजमाध्यमांवर फिरतो आणि पुढच्या होळीपर्यंत विसरला जातो. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा टिपला जातो, हिवाळ्यात नंदुरबारच्या वाळवणाच्या पथारींवरची लाल मिरची, पावसाळ्यात तोरणमाळचे धुके. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख वस्तीचा, सहा तालुक्यांचा, नर्मदेच्या काठापासून तापी ओलांडून गुजरातच्या सीमेपर्यंत पसरलेला हा नंदुरबार जिल्हा बाहेरच्या जगाला एवढ्या चार-पाच फ्रेममध्येच माहीत आहे. ही दृश्ये खरोखर देखणी आहेत, याबद्दल वाद नाही. पण असे शंभर फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर कोणता कोणी काढला आणि कोणत्या साली काढला हे सांगता येणार नाही. जिल्ह्यातील जी मुले-मुली आज कॅमेरा शिकू पाहत आहेत, त्यांच्यापुढे चांगल्या फोटोचा नमुना म्हणून हेच ठेवले जाते. माझे म्हणणे असे आहे की फोटोग्राफरची सर्जनशीलता आणि त्याच्या हातातले कसब या दोन्ही गोष्टी देखण्या जागांमागे धावून येत नाहीत. एकाच विषयाकडे, एकाच जागी, पुन्हा पुन्हा गेल्याने त्या येतात. आणि हे काम नंदुरबारच्या फोटोग्राफरला जितके सहज जमण्यासारखे आहे, तितके मुंबई-पुण्याहून दोन दिवसांसाठी येणाऱ्याला कधीच जमणार नाही.

मिरचीचेच घ्या. नंदुरबार ही राज्यातील मिरचीची मोठी बाजारपेठ. हंगामात ओली लाल मिरची बाजारात येते, व्यापारी ती घेऊन पथारींवर पसरतात, ऊन देतात, मजूर बाया देठ खुडतात आणि मग पोती भरली जातात. या पथारीचा फोटो काढला की बहुतेकांच्या हाती येतो तो एक सपाट लाल पट्टा. मिरची दिसतच नाही, नुसता रंग दिसतो. याचे कारण कॅमेऱ्याच्या घडणीत आहे. सेन्सरवरच्या दर चार बिंदूंपैकी दोन हिरवा प्रकाश टिपतात, एक लाल आणि एक निळा. समोर सगळीकडे लालच लाल असते तेव्हा कॅमेऱ्याचे मोजमाप एकंदर उजेड पाहून सगळे ठीक असल्याचे सांगते, पण लाल रंगाची नोंद तोवर कमाल मर्यादेला जाऊन टेकलेली असते. त्यापुढचा फरक कॅमेरा नोंदवूच शकत नाही, म्हणून मिरचीवरची चमक, सुरकुती, देठाजवळचा फिकटपणा हे सारे पुसले जाते. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली घ्यावे, हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहावा, शक्य असेल तिथे रॉ फाइल ठेवावी, असे उपाय कोणत्याही पुस्तकात सापडतील. पण ते केव्हा, किती आणि कोणत्या उन्हात वापरायचे हे पथारीवर दहा वेळा गेल्याशिवाय हाताला कळत नाही. ओल्या मिरचीची साल चकाकते, ती उजेड परत फेकते. वाळत आलेल्या मिरचीवर सुरकुत्यांच्या बारीक सावल्या पडतात. दोन्हींना एकच सेटिंग चालत नाही. ज्याने फक्त एकदाच, हंगामाच्या ऐन भरात फोटो काढला, त्याला हा फरक आहे हेसुद्धा ठाऊक होत नाही.

कसबाच्या या पायरीवर पोहोचल्यावरच नजर विषयाच्या आत शिरू लागते. पहिल्या खेपेला रंग दिसतो, कारण तो डोळ्यांत भरतोच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तोंडाला ओढणी गुंडाळून बसलेल्या बाया दिसतात, ठसका आवरत काम करणारी माणसे दिसतात, बोटांची आग शमवायला चाललेली धडपड दिसते. मग केव्हातरी अवकाळी पावसाचे ढग दिसताच ताडपत्र्या घेऊन झालेली पळापळ समोर येते आणि व्यापाऱ्याच्या, मजुराच्या तोंडावरचा घोर एकाच फ्रेममध्ये बसतो. त्याहीनंतर, हंगाम संपल्यावर, त्याच रिकाम्या जमिनीचा फोटो काढावासा वाटतो. वर्षाचे उरलेले महिने त्या बाया कुठे जातात, कशावर जगतात, असा प्रश्न पडतो आणि फोटोग्राफर पथारीवरून उठून त्यांच्या गावात जातो. सर्जनशीलता म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो तो हाच क्रम असतो. डोक्यात अचानक चमकलेली कल्पना असे तिचे वर्णन केले जाते, पण प्रत्यक्षात नेहमीचे फोटो काढून संपल्यावर, उगाच तेच काढायचा कंटाळा आल्यावर, नवे काही पाहणे भाग पडते. एका खेपेत परतणाऱ्याचा नेहमीचा साठा कधी संपतच नाही. तो दर वेळी नव्या जागी तोच फोटो काढत राहतो.

प्रकाशाच्या बाबतीतही हेच खरे आहे. फोटोग्राफीच्या प्रत्येक वर्गात सांगितले जाते की सकाळी आणि संध्याकाळी फोटो काढा, दुपार टाळा. नंदुरबार २१ अंश अक्षांशाच्या थोडे वर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य इथे जवळपास थेट डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली गोळा होते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. डिसेंबरात मात्र तोच सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच राहतो. म्हणजे मिरचीच्या हंगामात दुपारी बारालाही तिरपा, कडा उजळणारा प्रकाश मिळतो आणि 'दुपार टाळा' हा नियम इथे तीन महिने लागूच पडत नाही. हे शिकायला महागडी कार्यशाळा लागत नाही. एकाच ठिकाणी, एकाच वेळी, दर महिन्याला एक फोटो काढून बारा फोटो शेजारी ठेवले की पुरे. तोरणमाळच्या यशवंत तलावाचे, शहाद्याच्या एखाद्या केळीबागेचे, प्रकाशा गावातल्या घाटाचे असे बारा फोटो ज्याने काढले, त्याला प्रकाशाबद्दल जे कळेल ते दुसऱ्याने सांगून कळणार नाही. एवढे साधे काम फार थोडे लोक करतात, कारण त्यातला एकही फोटो एकट्याने वाहवा मिळवत नाही.

या पद्धतीमागे पुरावा आहे आणि तो आपल्याच मातीतला आहे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी फोटोग्राफर होते, गोध्रा येथे त्यांचा स्टुडिओ होता. १९१२ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे करायचे होते आणि चलच्चित्र म्हणजे काय हे पैसे घालणाऱ्याला दाखवायचे होते. त्यांनी युद्ध, राजवाडा, देवदेवता यांतले काही उभे केले नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. 'अंकुराची वाढ' म्हणून ओळखली जाणारी ती छोटी फिल्म पाहून त्यांना पैसे मिळाले. भारतीय चित्रपटाची सुरुवात अशी एका कुंडीसमोर बसून राहण्यातून झाली. जगातले उदाहरण हवे असेल तर प्रागचा जोसेफ सुडेक आहे. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला हा माणूस अवजड कॅमेरा घेऊन काम करत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहर जर्मनांच्या ताब्यात होते, बाहेर फिरणे अवघड झाले, तेव्हा त्याने स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली आणि १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षे तो तीच खिडकी टिपत राहिला. काचेवरचे दव, पलीकडचे वाकडे झाड, ओट्यावर ठेवलेला पेला. आज सुडेक ओळखला जातो तो मुख्यत्वे या खिडकीमुळे.

फोटोग्राफर सुधारक ओलवे यांचे काम याहून जवळचे आहे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. एखाद्या दिवसाची बातमी म्हणून हा विषय त्यांना वृत्तपत्रात सहज उरकता आला असता, पण ते त्या वस्त्यांत, त्या घरांत, त्या गटारांपाशी परत जात राहिले. म्हणूनच त्यांच्या फोटोंत घाणीपेक्षा माणूस मोठा दिसतो. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शेजारच्या बडोद्याचे ज्योती भट्ट मूळचे चित्रकार आणि मुद्राचित्रकार. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुजरातच्या लोककलांची नोंद करण्यासाठी त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि मग भिंतींवरची चित्रे, अंगणातल्या रांगोळ्या, गोंदण, ते काढणारे हात यांचा पाठपुरावा कित्येक वर्षे केला. त्यांनी टिपलेल्या कितीतरी भिंती आज उभ्या नाहीत. कॅमेऱ्याचे तंत्र त्यांनी आधी शिकून घेतले आणि मग विषय शोधला असे घडले नाही. विषयाची निकड आधी होती, आणि तिने तंत्र शिकायला लावले. आपल्याकडे बरोबर उलटे चालते. आधी कॅमेरा, मग दुसरी लेन्स, मग ड्रोन, आणि विषय काय असा प्रश्न विचारला की 'निसर्ग' किंवा 'आदिवासी संस्कृती' असे ढोबळ उत्तर.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आता मोबाइलच सगळे करतो, एक्स्पोजर नि हिस्टोग्राम शिकवून काय मिळणार? मोबाइल खरोखर बरेच करतो, आणि चांगला मोबाइल असलेल्या मुलाने कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू नये असेच मी म्हणेन. पण मोबाइल जे करतो ते त्याच्या हिशेबाने करतो. होळीच्या जाळासमोर नाचणाऱ्यांचा फोटो रात्रीच्या मोडवर काढला की मोबाइल अनेक फ्रेम एकत्र करून अंधार उजळतो, जाळाचा तांबूस रंग पांढुरका करतो आणि हलणारे पाय विरघळवून टाकतो. पहाटेच्या अंधारात पेटलेली होळी संध्याकाळी साडेसहाची वाटू लागते. ते टाळायचे तर व्हाइट बॅलन्स हाताने उन्हाच्या पातळीवर ठेवावा लागतो, शटर एकशेपंचविसाव्या सेकंदाच्या आसपास धरून फोटोत येणारे दाणे पत्करावे लागतात, उजेड जाळावर न मोजता चेहऱ्यावर मोजून लॉक करावा लागतो आणि फ्लॅश बंद ठेवावा लागतो. हे सगळे आजच्या बऱ्याच मोबाइलमध्ये करता येते. यंत्र काय ठरवते आहे हे कळणे आणि ते नाकारता येणे, एवढेच कसब मी मागतो आहे. ते उपकरणाच्या किमतीवर अवलंबून नाही.

यंत्राचे ठरवणे किती खोलवर जाते हे त्वचेच्या रंगात दिसते, आणि या मुद्द्यावर आपल्याकडे फारच थोडे बोलले जाते. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचा रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीचा फोटो असलेले कार्ड पुरवत असे. शर्ली कार्ड या नावाने ते ओळखले जाई. तिचा चेहरा बरोबर आला की रंग बरोबर. सावळ्या-काळ्या चेहऱ्यांवरचा तपशील त्यात हरवत होता. ही तक्रार बरीच वर्षे दुर्लक्षित राहिली आणि फर्निचर व चॉकलेट बनवणाऱ्यांनी आपल्या मालाच्या गडद छटा नीट येत नाहीत असे सांगितल्यावर कुठे सुधारणेला गती आली. फिल्म गेली, पण तो कल गेला नाही. तो आता चेहरा उजळणाऱ्या फिल्टरमध्ये आहे आणि लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीला दोन छटा गोरे करून देण्याच्या स्टुडिओच्या सवयीत आहे. ज्या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, जिथे बहुसंख्य चेहरे सावळे आहेत, तिथला फोटोग्राफर सावळा चेहरा त्याच्या खऱ्या तेजासह छापू शकत नसेल, तर त्याच्या कसबातला तो सर्वांत मोठा उणेपणा आहे. पांढऱ्या शर्टाशेजारी गडद चेहरा असताना उजेड कशावर मोजायचा, दारातून येणारा बाजूचा प्रकाश गालाच्या हाडावर कसा खेळवायचा, सावलीत तपशील कसा राखायचा हे शिकण्याची महाराष्ट्रातली सर्वांत चांगली शाळा नंदुरबारच होऊ शकते. हे काम इथल्या माणसांनी केले नाही तर दुसरे कोण करणार?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कुपोषण, स्थलांतर, दुर्गम पाड्यांवरून रुग्णाला झोळीत घालून आणावे लागणे, असे प्रश्न असलेल्या जिल्ह्यात फोटोग्राफीतली सर्जनशीलता ही चैन नाही का? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा पाहावे की कॅमेरा इथे आधीच किती आत आलेला आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली गावात, तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत दिले गेले. समोर बघा, हलू नका, हसू नका अशा त्या आधारच्या फोटोंची सुरुवात या जिल्ह्यातून झाली. आज रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी मोबाइल ॲपवर दिवसातून दोनदा फोटो काढून लावली जाते, घरकुलापासून विहिरीपर्यंत प्रत्येक कामाचा फोटो जागेच्या नोंदीसह चढवावा लागतो. त्याआधी दीडशे वर्षे मागे गेले तरी चित्र फार वेगळे नाही. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिशांनी 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले, त्यात भारतातल्या जातीजमाती नमुन्यांसारख्या उभ्या केल्या होत्या. अलीकडे आलेले कुपोषणाच्या बातम्यांतले फोटोही बहुतांशी त्याच जातीचे, हाडे दिसणारे मूल आणि नाव नसलेली आई. म्हणजे इथल्या माणसाचे फोटो कमी निघालेत असे नाही. ते सतत कुणीतरी कशाच्या तरी पुराव्यासाठी काढत आले आहे. त्या माणसाने स्वतःच्या कामाकडे, घराकडे, रानाकडे कॅमेरा वळवणे ही चैन कशी ठरते? प्रश्नांची तड लावायलाही असा फोटो जास्त उपयोगी पडतो, कारण एकाच पाड्याचा रस्ता पाच पावसाळे टिपणाऱ्याचा पुरावा एका दिवसाच्या दौऱ्यातल्या फोटोपेक्षा खोडायला अवघड असतो.

तिसरा प्रश्न पोटापाण्याचा. जिल्ह्यातला फोटोग्राफर लग्नाच्या ऑर्डरवर जगतो. मार्च ते मे सीझन, त्यात हळद, वरात, कॅन्डिड, प्री-वेडिंग, अल्बम, रील, आणि उरलेल्या वर्षात पासपोर्ट फोटो, वाढदिवस, शाळेची स्नेहसंमेलने. त्याला पथारीवर वर्षभर जा म्हणणे हे भरल्या पोटाचे शहाणपण वाटू शकते. या कामाबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि कलेचे शिक्षण घेतलेल्यांनी लग्नाच्या फोटोग्राफरला कमी लेखणे मला चुकीचे वाटते. कमी उजेडात, गर्दीत, पुन्हा न घडणाऱ्या क्षणावर हात बसवण्याची एवढी तालीम दुसऱ्या कोणत्या कामात मिळत नाही. पण या धंद्यात आता प्रत्येक गावात तोच कॅमेरा, तेच पार्श्वसंगीत, त्याच पोझ आहेत, आणि जिथे सगळ्यांचा माल सारखा असतो तिथे स्पर्धा फक्त दर पाडण्याची उरते. दर टिकवायचा तर काम ओळखू येईल इतके वेगळे हवे, आणि ते वेगळेपण विकत मिळत नाही. सावळी नवरी सावळीच आणि सुंदर दाखवू शकणारा, ढोलाच्या तालावर रात्रभर चाललेला नाच अंधार न मारता टिपणारा, आदिवासी लग्नातले विधी कोणत्या क्रमाने येतात हे ठाऊक असल्याने योग्य जागी आधीच उभा असलेला फोटोग्राफर जास्त पैसे मागू शकतो. जून ते नोव्हेंबर हे मोकळे महिने त्याच्यापाशी आहेत. आठवड्यातला एक दिवस पुरे. आयटीआयमध्ये 'डिजिटल फोटोग्राफर' हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम देशपातळीवर आहे, तो आदिवासी भागातील तरुणांपर्यंत पोहोचवताना वर्षभराच्या एका विषयाचे काम त्यात सक्तीचे करायला हरकत नाही.

राहतो तो आतल्या-बाहेरच्यांचा वाद. बाहेरून आलेल्याला जे ताजे दिसते ते गावातल्याला सवयीने दिसत नाही, असे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. जन्माने त्या गावचे असणे म्हणजे नजर असणे नव्हे. ज्योती भट्ट ज्या घरांत जात त्या घरांतले ते नव्हते. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा १९९५ चा 'नर्मदा डायरी' हा माहितीपट बाहेरच्यांनीच केला, पण सरदार सरोवराच्या बुडितातल्या गावांत कित्येक वर्षे जात राहून केला, म्हणून आज तो त्या काळाची मोलाची नोंद आहे. तेव्हा माझा भेद आतला आणि बाहेरचा असा नाही. परत येणारा आणि न येणारा असा तो आहे. गावातल्या फोटोग्राफरची जमेची बाजू इतकीच की परत येणे त्याला स्वस्त पडते, आणि परत यावेच लागणार असल्याने त्याला नीट वागावे लागते. काठीच्या होळीत नाचणाऱ्यांनी आधीचे काही दिवस कडक नेम पाळलेले असतात. त्यांच्यासाठी ते व्रत आहे. त्यामध्ये घुसून, फ्लॅश मारून, 'जरा इकडे बघा' म्हणणारा दुसऱ्या दिवशी निघून जातो. गावातला असे करू शकत नाही. विचारून फोटो काढणे, नको म्हटले की कॅमेरा खाली घेणे, आणि काढलेल्या फोटोची छापील प्रत त्या माणसाच्या हातात नेऊन देणे हे शिष्टाचार तर आहेतच, शिवाय ते कसबही आहे. ज्याला एकदा प्रत मिळाली, तो पुढच्या वेळी कॅमेऱ्यासमोर आखडत नाही. कोणत्याही लेन्सने न मिळणारी सहजता पंधरा-वीस रुपयांच्या प्रिंटने मिळते.

संस्थांनी काय करावे याबद्दल थोडेच सांगतो. जागतिक छायाचित्रण दिनाला, १९ ऑगस्टला, ठिकठिकाणी स्पर्धा होतात आणि एका सुट्या फोटोला बक्षीस मिळते. एका फोटोला बक्षीस म्हणजे योगायोगाला बक्षीस. त्याऐवजी एकाच विषयावर बारा महिन्यांत काढलेल्या दहा फोटोंच्या संचाला ते द्यावे, आणि परीक्षकांनी त्या फोटोंसोबतचे टिपणही वाचावे. प्रदर्शन सभागृहात न लावता बाजार समितीच्या आवारात, सारंगखेड्याच्या यात्रेत, धडगावच्या आठवडे बाजारात लावावे, जिथे फोटोतली माणसे स्वतः येतात आणि चूक असेल तर तोंडावर सांगतात. महाविद्यालयांनी यासाठी वेगळा विभाग उघडण्याची गरज नाही. भूगोलाच्या, मराठीच्या, ग्रामीण विकासाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एक जागा आणि एक वर्ष द्यावे.

आणि जुने राखावे. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर इथल्या जुन्या स्टुडिओंत गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या निगेटिव्ह पडून आहेत, दुकाने बदलताना त्या रद्दीत जात आहेत. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बुडितात गेली. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या त्या गावांतल्या घरांचे, देवाच्या जागांचे, काठच्या शेतांचे फोटो जिथे कुठे असतील, तिथून ते आताच गोळा केले पाहिजेत. रंगीत निगेटिव्ह दमट हवेत बुरशी धरते आणि रंग सोडते. ती कोरड्या डब्यात ठेवून लवकरात लवकर स्कॅन करावी लागते. डिजिटल फायलींचेही तसेच. हार्ड डिस्क बिघडतेच, म्हणून तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी, असा नेम हवा. एक अडचण लक्षात ठेवावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, तो काढवून घेणाऱ्याचा असतो. त्यामुळे स्टुडिओचे फोटो प्रसिद्ध करण्याआधी त्या कुटुंबांकडे जावे लागेल. जायलाच हवे, कारण फोटोत कोण आहे हे त्यांनाच ठाऊक असते.

फोटोत कोण आहे हे विचारून घेण्याचा नियम आज काढल्या जाणाऱ्या फोटोंनाही लागू आहे. 'मिरची वाळवताना आदिवासी महिला', 'होळीत नृत्य करताना आदिवासी बांधव' अशा ओळींखाली हजारो फोटो पडून आहेत, त्यांचा वीस वर्षांनी कुणाला काही उपयोग होणार नाही. फोटोखाली गाव, पाडा, तारीख, काम आणि त्या हंगामात त्या कामाला मिळालेली मजुरी लिहायला दोन मिनिटे लागतात. फोटोतल्या बाईची हरकत नसेल तर तिचे नावही लिहावे, हरकत असेल तर ते नोंदवहीपुरते ठेवावे. मात्र हे विचारायला तिची बोली यावी लागते. अहिराणी, गुजरी, भिली, पावरी, मावची यांपैकी एखादी बोली घरातूनच शिकलेला जो मुलगा किंवा मुलगी आज कोणता कॅमेरा घ्यावा म्हणून चौकशी करत फिरत आहे, त्याने किंवा तिने आधी एक वही घ्यावी, आणि ओली मिरची बाजारात येऊ लागली की पहिल्या आठवड्यापासून पथारीवर जायला लागावे.